वर्तणूक : चांगली

मराठीत सर्वाधिक लिहिले गेलेले आणि सर्वांत कमी वाचले गेलेले गद्य कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे बोट दाखवू. या गद्याला लेखक नसतो, स्वाक्षरी करणारे तेवढे असतात : वर्गशिक्षक, लिपिक आणि मुख्याध्यापक. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जात, अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा, असा त्याचा ठरलेला बंध. साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो की मजकूर जितका बंदिस्त, तितका त्यातला एखादा शब्द हलला तरी सगळा अर्थ हलतो. कवितेविषयी हे विधान कितपत खरे आहे यावर वाद होऊ शकेल. दाखल्याविषयी मात्र ते शब्दशः खरे आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना आणि दर वर्षी निकालानंतर हे दाखले भरताना त्याचा प्रत्यय आम्हाला पुनःपुन्हा आला आहे.

‘दाखला’ हा शब्द अरबी ‘दाखिल’वरून आलेला. ‘दाखिल’ म्हणजे आत शिरलेला. आपण ‘रुग्णालयात दाखल झाला’ म्हणतो तोच हा शब्द. म्हणजे ‘शाळा सोडल्याचा दाखला’ या नावात सोडणे असले, तरी शब्दाच्या पोटात प्रवेश आहे. एका दारातून बाहेर पडणाऱ्याला दुसऱ्या दारातून आत जाता यावे, एवढ्याचसाठी हा कागद जन्माला आला. तो जेव्हा दुसरे दार उघडण्याऐवजी अडवू लागतो, तेव्हा तो आपल्या नावाशीच बेइमानी करतो. ‘वर्तणूक’ आणि ‘अडवणूक’ हे शब्द एकाच प्रत्ययाने सिद्ध झाले आहेत, हा व्याकरणाचा योगायोग. पण बारावीच्या वर्षात हे दोन शब्द वरचेवर एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात, तो योगायोग म्हणता येत नाही. शाळेच्या अखेरच्या वर्षी शिस्तीच्या नावाने जे घडते ते महाविद्यालयाच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वरवर पाहता ते पोहोचत नाही असेच वाटेल. आपल्याकडचे प्रवेश गुणांवर होतात. वैद्यकीयला ‘नीट’, अभियांत्रिकीला राज्याची सीईटी, बी.ए., बी.एस्सी.ला बारावीची टक्केवारी. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून तर अकरावीचे प्रवेशही संपूर्ण राज्यात केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होऊ लागले. त्यात भंडारा, तुमसर, पवनी, लाखांदूरही आले. यंत्राला विद्यार्थ्याचा स्वभाव कळत नाही, आणि या बाबतीत ते बरेच आहे. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते कोण पाहतो? सगळ्यांच्याच दाखल्यावर ‘चांगली’ असते.

नेमकी इथेच मेख आहे. सगळ्यांची वर्तणूक ‘चांगली’ लिहायची असा प्रघात पडला की ‘चांगली’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तो कागदाच्या छापील भागासारखा होतो. मग जिथे तो नाही, तिथेच अर्थ उमटू लागतो. भाषाविज्ञानाच्या पहिल्या पाठात आपण शिकतो की शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते. त्याचे दाखल्याइतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे आढळलेले नाही. ‘समाधानकारक’ हा खरे तर भला शब्द. कोणाचे काम समाधानकारक झाले म्हटले तर तो माणूस सुखावतो. पण ज्या गठ्ठ्यातल्या इतर सर्व दाखल्यांवर ‘चांगली’ लिहिले आहे, त्या गठ्ठ्यात एकट्याच्याच दाखल्यावर ‘समाधानकारक’ लिहिले, की तो शब्द आरोप होतो. आणि आरोपाचा मसुदा कुठेच नसल्यामुळे त्याचा बचावही करता येत नाही.

काही वर्षांपूर्वीची, आमच्या माहितीतली गोष्ट. चुलबंद नदीच्या काठच्या एका गावातला मुलगा, दुसऱ्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञानाला होता. आमच्याकडे तो पुस्तके न्यायला येई, म्हणून ओळख. घरची दोन-अडीच एकर धानाची शेती, आणि ती संपली की आईवडील दुसऱ्यांच्या बांध्यांत गुत्त्याने रोवणीला जाणारे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस साधला की रोवणी थांबवता येत नाही. पऱ्हे वाढतात, चिखल सुकतो, मजूर मिळत नाहीत. त्या तीन आठवड्यांत हा मुलगा वर्गात नव्हता. पुढे सराव परीक्षेच्या सुमारास वर्गात त्या गैरहजेरीचा विषय निघाला आणि शिक्षकांनी विचारले, रोवणीच करायची होती तर विज्ञान कशाला घेतलेस? मुलगा म्हणाला, तुमच्या ताटातला भात कोणीतरी रोवलेलाच असतो ना, सर. वर्ग हसला.

हे उत्तर उद्धट होते की खरे होते, असा प्रश्न विचारला तर ते दोन्ही होते असे आम्ही म्हणू. पण त्या हसण्याची किंमत उत्तराच्या किमतीपेक्षा मोठी ठरली. मुलाला काही दिवस वर्गाबाहेर ठेवण्यात आले. पुढे परीक्षेचे प्रवेशपत्र, ज्याला सगळेच हॉल तिकीट म्हणतात, ते ‘वडिलांना घेऊन ये’ म्हणून अडवण्यात आले. वडील आले. कार्यालयाच्या दाराशी चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, “पोट्ट्याचं चुकलं असन, सर, पन त्याचं साल नोका बुडवू.” परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट मिळाले. मुलगा उत्तीर्ण झाला, गुणही बरे मिळाले. निकालानंतर दाखला हातात आला तेव्हा त्याच्या वर्तणुकीच्या रकान्यात ‘समाधानकारक’ असे लिहिलेले होते.

नागपूरच्या महाविद्यालयाने त्या शब्दाकडे पाहिलेही नाही, गुणानुक्रमे बी.एस्सी.ला जागा दिली. पण चुलबंदेकाठच्या मुलाच्या लेखी प्रवेश म्हणजे नुसती वर्गातली जागा नव्हे, खोलीही. वसतिगृह मिळाले तर महाविद्यालय मिळाले. ज्या खासगी वसतिगृहात त्याने अर्ज केला होता तिथल्या व्यवस्थापकांनी दाखल्यांचा गठ्ठा चाळला आणि विचारले, बाकी सगळ्यांची ‘चांगली’ आहे, तुझीच ‘समाधानकारक’ का? पूर्वीच्या संस्थेचा खुलासा आण. खुलासा देणारे त्या आठवड्यात रजेवर होते. यादी बंद झाली. भाड्याची खोली घेऊन राहणे घराला झेपणारे नव्हते. मुलगा तालुक्याच्या ठिकाणी बी.ए.ला बसला. तो शिकला, पदवीधर झाला, त्याच्या आयुष्याची माती झाली असे म्हणणे हा त्याचा अपमान होईल. पण ज्या विषयासाठी त्याने दोन वर्षे सायकलने ये-जा केली होती, तो विषय सुटला; आणि तो का सुटला हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.

या एका शब्दावर सगळे खापर फोडण्याचा आमचा हेतू नाही. वसतिगृहे पुरेशी असती, तर तो शब्द निरुपद्रवी राहिला असता. पण व्यवस्था जिथे अपुरी असते तिथे नकार देण्यासाठी कारण हवे असते, आणि शाळेच्या शिस्तीचा शिल्लक राहिलेला अंश असे कारण आयतेच पुरवतो. ज्यांच्यापाशी पर्याय आहेत त्यांच्या दाखल्यावर काहीही लिहा, त्यांचे अडत नाही. शेऱ्याची धार ज्याच्याकडे एकच वाट आहे त्यालाच लागते.

आता हजेरीचे पाहू, कारण शिस्तभंगाच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा तिचाच. राज्य मंडळाच्या नियमानुसार नियमित विद्यार्थ्याची हजेरी पंचाहत्तर टक्के असावी लागते. योग्य कारण असेल तर काही तूट माफ होऊ शकते. नियम म्हणून यात आक्षेपार्ह काही नाही. पण भंडाऱ्याचे पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक यांची सांगड कधी बसलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि मळणी. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, रात्रभर चालणाऱ्या दंडारी आणि नाटके, ज्यांत काम करणारी मुलेही आमच्याच वर्गातली असतात. जिथे कालव्याचे पाणी पोहोचते तिथे जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे ऐन प्रात्यक्षिक परीक्षांच्या तोंडावर. हजेरीपटावर या सगळ्यांची खूण एकच : गैरहजर. पावसाने आणि पोटाने ठरवलेली गैरहजेरी आणि टवाळकीची गैरहजेरी यांत फरक करण्याची सोय त्या चौकोनात नाही. तो फरक माणसाने करायचा असतो.

याच हजेरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटरवर. तिथल्या शिकवण्यांत ज्यांची मुले दोन वर्षे राहतात, त्यांची नावे एखाद्या आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असतात आणि हजेरी बिनबोभाट पूर्ण भरते. हा प्रकार राज्यभर इतका बोकाळला की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. तेव्हा प्रश्न हजेरीच्या नियमाचा नाहीच. वर्गात कधी न आलेला एक विद्यार्थी कागदावर शिस्तप्रिय ठरतो आणि तीन आठवडे चिखलात उभा राहून परत वर्गात येऊन बसलेला दुसरा बेशिस्त ठरतो, हा प्रश्न आहे. शिस्त म्हणजे उपस्थिती अशी व्याख्या केली, तर उपस्थिती विकत घेता येते. शिस्त म्हणजे परत येणे अशी व्याख्या केली, तर आमच्या पाहण्यातल्या रोवणीच्या मुलांइतकी शिस्तबद्ध मुले थोडी.

विशेष हे की ज्या मंडळाच्या परीक्षेची मुलांना एवढी धास्ती वाटते, त्या मंडळाची शिक्षा अधिक सभ्य आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी मंडळाची छापील शिक्षासूची आहे : कोणत्या कृत्याला कोणती शिक्षा, ती त्याच परीक्षेपुरती की पुढच्या परीक्षांनाही बंदी, हे त्यात नमूद असते. १९८२ पासून महाराष्ट्रात त्यासाठी कायदाही आहे. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, निर्णय लेखी असतो, आणि शिक्षेला अंत असतो. कॉपी करताना सापडलेल्या मुलाला आपण नेमके कशासाठी आणि किती काळ शिक्षा भोगणार आहोत, हे ठाऊक असते. याउलट शिक्षकाला उलटून बोललेल्या, मोबाइलसह सापडलेल्या किंवा स्नेहसंमेलनात गोंधळ घातलेल्या मुलासाठी कुठलीही सूची नाही. त्याची शिक्षा कधी वर्गाबाहेर उभे राहण्याची, कधी प्रात्यक्षिकाची वही तपासून न देण्याची, कधी ‘तीस गुण आमच्या हातात आहेत’ या वाक्याची, कधी हॉल तिकिटाची आणि कधी दाखल्यातल्या एका विशेषणाची. मोठ्या गुन्ह्याला मर्यादा आणि छोट्या गुन्ह्याला अमर्याद शक्यता, असा हा उलटा न्याय आहे.

मुलींच्या बाबतीत तर दाखल्यावर काहीही लिहावे लागत नाही. पुस्तकात चिठ्ठी सापडली, बसथांब्यावर कोणाशी बोलताना दिसली, एवढे पुरते. संस्था आपल्या दृष्टीने सौम्य मार्ग स्वीकारते : नोंद करत नाही, वडिलांना किंवा मोठ्या भावाला बोलावून ‘लक्ष ठेवा’ असे सांगते. त्या दोन शब्दांनी पुढे काय होते हे आम्ही इतक्या वर्षांत पुरेसे पाहिले आहे. मुलगी परीक्षेला बसते, कारण फॉर्म भरलेला असतो. निकाल लागतो, दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ लिहिली जाते आणि तो दाखला कपाटातच राहतो. पुढच्या वर्षी कळते, लग्न झाले. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘अभ्यासक्रम पूर्ण’ असे लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते. दाखला किती न बोलता किती लपवू शकतो, याचा हा नमुना. म्हणून केवळ वर्तणुकीचा रकाना पुसून टाकला की प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. शिस्तीची सर्वांत दूरवर जाणारी शिक्षा बहुधा तोंडीच दिली जाते.

शाळेने बंद केलेले दार महाविद्यालयाने मानावे की न मानावे, हा प्रश्न जुना आहे, आणि ज्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत भंडारा जिल्हा येतो त्या विद्यापीठाने एकदा त्याचे स्वच्छ उत्तर दिलेले आहे. त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ली यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले. राजकीय चळवळीत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आवर घाला, न घातल्यास संस्थांची अनुदाने, शिष्यवृत्त्या आणि संलग्नता धोक्यात येईल, असा त्याचा आशय. शिस्तीचा भार शाळेवर आणि शाळेचा जीव अनुदानात, ही जोडणी तेव्हापासूनची. त्याच काळात नागपूरच्या नील सिटी शाळेतून केशव बळिराम हेडगेवार यांना ‘वंदे मातरम्’च्या घोषणेवरून काढण्यात आले. सरकारमान्य शाळेची वाट बंद झाल्यावर ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले आणि पुढे १९१० साली कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल झाले. त्यांच्या पुढील कार्याविषयी वाचकांची मते काहीही असोत. एका शाळेने काढलेल्या मुलाला महाविद्यालय गाठण्यासाठी समांतर, राष्ट्रीय शिक्षणाची अख्खी व्यवस्था उपलब्ध असावी लागली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. ती नसती तर?

कलकत्त्यातच १९१६ साली प्राध्यापक ओटन प्रकरणात सुभाषचंद्र बोस यांना प्रेसिडेन्सी कॉलेजातून काढून टाकण्यात आले. पुढच्या वर्षी स्कॉटिश चर्च कॉलेजचे प्राचार्य अर्कहार्ट त्यांना घ्यायला तयार झाले, पण प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांची हरकत नाही एवढे लेखी आणण्याच्या अटीवर. म्हणजे तिथेही जुन्या दाराची किल्ली नव्या दाराला लागत होतीच. सुदैवाने ते पत्र मिळाले. चुलबंदेकाठच्या मुलाला जो ‘खुलासा’ मागितला गेला तो याच जातीचा. फरक इतकाच की त्याच्यासाठी पत्र लिहिणारे त्या आठवड्यात जागेवर नव्हते, आणि पत्र आणायला धावाधाव करील असे वजनदार कोणी त्याच्या घरात नव्हते.

नागपूरचे उत्तर १९३८ चे. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. ती न मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. हैदराबाद, औरंगाबाद, वरंगळ अशा ठिकाणांचे हे विद्यार्थी. त्यांत मराठवाड्यातली मराठी मुले पुष्कळ. त्यांच्या कागदांवर शिस्तभंगाचा शिक्का होता आणि तोही एका विद्यापीठाचा. अशा विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या त्या निर्णयाचे नाव मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात कृतज्ञतेने घेतले जाते. या निर्णयाची थोरवी केवळ देशभक्तीत शोधू नये. त्यात एक शैक्षणिक तत्त्व आहे : दुसऱ्या संस्थेने दिलेली शिक्षा पुढे चालवणे आमच्यावर बंधनकारक नाही, समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शिकायचे आहे की नाही एवढे आम्ही पाहू.

त्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. काढून टाकल्यावर ते नागपूरला आले, पुढे कायद्याची पदवीही त्यांनी नागपूर विद्यापीठाचीच घेतली. भंडाऱ्याला लागून असलेल्या रामटेक मतदारसंघातून ते १९८४ आणि १९८९ साली लोकसभेवर निवडून गेले आणि नंतर पंतप्रधान झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. साहित्याच्या अभ्यासकांना अधिक रस वाटावा अशी गोष्ट वेगळी : हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनीच केला. शिस्तभंगामुळे एका भाषेच्या मुलुखातून दुसऱ्या भाषेच्या मुलुखात शिकायला आलेल्या मुलाने त्या भाषेचे ऋण असे फेडले. मात्र काढून टाकलेला मुलगा पंतप्रधान झाला म्हणून त्याला प्रवेश देणे योग्य होते, असा युक्तिवाद आम्ही करणार नाही. त्या वर्षी नागपुरात आलेल्या ज्या इतर मुलांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, ती पुढे शिक्षक झाली, वकील झाली, कारकून झाली. त्यांच्यासाठीही तो निर्णय तितकाच योग्य होता.

जगात इतरत्र हा प्रश्न अधिक उघडपणे विचारला गेला आहे. अमेरिकेत शेकडो महाविद्यालयांसाठी मिळून जो सामाईक अर्ज भरला जातो, त्यात शाळेत तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय, असा प्रश्न अनेक वर्षे होता. त्याचे ‘होय’ असे उत्तर देणाऱ्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या दुपटीहून अधिक असल्याचे त्या संस्थेलाच दिसले, आणि २०२१-२२ च्या प्रवेशांपासून तो प्रश्न सामाईक भागातून काढण्यात आला. तिथे निदान प्रश्न छापलेला होता, उत्तरे मोजता आली आणि मोजल्यावर अन्याय दिसला. आपल्याकडे प्रश्नच विचारला जात नाही, म्हणून मोजता येत नाही. आणि मोजता येत नाही, म्हणून तो नाही असे आपण समजतो. कोणत्या आडनावांच्या, कोणत्या वस्त्यांतल्या मुलांच्या दाखल्यावर ‘चांगली’खेरीज दुसरे विशेषण येते, याची यादी भंडारा जिल्ह्यापुरती जरी कोणी केली तरी ती वाचण्यासारखी होईल.

कायद्याची मदत इथे अर्धीच पोहोचते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करता येत नाही, मागितलेला दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यावा लागतो. पण ही छत्री सहा ते चौदा वर्षांची. बारावीचा मुलगा सतरा-अठराचा. म्हणजे ज्या वयात दाखल्यावरचा शब्द सर्वांत महाग पडतो, त्या वयात ती छत्री मिटलेली असते. न्यायालयांनी मात्र दिशा दाखवली आहे. दाखला हे थकीत फी वसूल करण्याचे साधन नव्हे आणि त्यावर तशी अनावश्यक नोंद करणे म्हणजे मुलाला डाग लावणे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. निकाल तामिळनाडूतला, विषय फीचा. पण जे फीला लागू ते फुरंगटलेल्या अहंकाराला का लागू नसावे, हे आम्हाला समजत नाही.

आमचे काही सहकारी यावर विचारतात, आणि प्रश्न गैरवाजवी नाही : मग शिक्षकाने करायचे काय? छडी गेली, नापास करणे गेले, आता शेराही जाऊ द्यायचा? साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, मागच्या बाकावर मोबाइल चालू असताना, ज्याला खरोखर शिकायचे आहे अशा मुलीचा तास वाया जातो, तिच्या प्रवेशाचे काय? ही अडचण आम्ही रोज अनुभवतो. शिस्त नको असे म्हणणारा माणूस बहुधा वर्गात उभा राहिलेला नसतो. पण या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. शेऱ्याच्या भीतीने वर्ग शांत राहतो, हे ते गृहीतक. शेरा लिहिला जातो जूनमध्ये, वर्ग असतो जानेवारीत. मुलाला तो लिहिला जाणार आहे हे आधी माहीत नसते, आणि कळते तेव्हा वर्ग उरलेला नसतो. जी शिक्षा गुन्हा थांबवू शकत नाही आणि सुधारण्याची संधीही देत नाही, तिला शिस्त कशी म्हणावी? तो हिशेब चुकता करणे झाले.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. शाळेची शिक्षा शाळेत सुरू व्हावी आणि शाळेतच संपावी. ती कशासाठी आहे हे मुलाला लेखी कळावे, त्याचे म्हणणे त्याच कागदावर त्याच्या हस्ताक्षरात असावे आणि तो कागद शाळेच्याच कपाटात राहावा. मंडळाचे हॉल तिकीट ही मंडळाची वस्तू आहे. ते शिस्तीचे हत्यार होऊ नये. रोवणीच्या काळातली गैरहजेरी आधी सांगून, पालकांच्या सहीने घेता यावी आणि बुडालेले तास नंतर भरून काढता यावेत, एवढी तजवीज धानाच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही मुख्याध्यापकाला वेगळ्या शासननिर्णयावाचून करता येईल. मुलीच्या घरी फोन करण्यापूर्वी, त्या फोनने तिचे महाविद्यालय बंद होणार नाही ना, हा प्रश्न एखाद्या शिक्षिकेला तरी विचारला जावा. आणि वर्तणुकीच्या रकान्यात सर्वांसाठी एकच शब्द लिहायचा असेल तर तो छापूनच टाकावा, म्हणजे हाताने लिहिण्याचा मोह उरणार नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांनी या फालतू कागदात इतके का गुंतावे, असे कोणी विचारील. आपण विद्यार्थ्यांना पात्राचे एका विशेषणात मूल्यमापन करू नका असे शिकवतो. कादंबरीतल्या उद्धट मुलावर सहानुभूतीने पाने भरून उत्तरे लिहवून घेतो, आणि त्या उत्तरांना गुण देतो. तोच मुलगा मागच्या बाकावरून बोलला की आपल्यापाशी एकच शब्द उरतो. यंदाच्या निकालानंतर आमच्या टेबलावर पुन्हा दाखल्यांचा गठ्ठा येईल. पलीकडच्या दाराशी तो कोण उघडून पाहील, त्याला खुलासा हवा वाटेल की नाही, हे आम्हाला इथून दिसणार नाही. लिहिताना एवढे तरी लक्षात असावे, की ज्याच्याविषयी लिहितो आहोत तो मुलगा आता आपल्या वर्गात नाही. आपल्याला त्याला काही शिकवायचे राहिलेले नाही. त्याला फक्त आत जाऊ द्यायचे आहे.